दगडाची परतीची बाजू

मास्तरांच्या माणसांत मी सामील झालो तो बगलेत विळी घेऊन.

झालं असं की आमच्या मुलुंडच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक दिवस सुरेख वळणदार अक्षरांत सूचना लिहिलेली दिसली. रविवारी सकाळी सहाला डोंगराच्या पायथ्याशी चिंचेखाली जमावे, पावसाने बुजलेली वाट मोकळी करायची आहे, येताना घरातले एक कापायचे हत्यार आणावे. माझं पोट त्या सुमाराला पाटलोणीशी रोज भांडत होतं आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. म्हटलं, जाऊ या. पण आमच्यासारख्या कारकुनाच्या घरात कापायचं हत्यार म्हणजे काय असणार? सुरी आमच्याकडे कधी नव्हतीच. कोयता मी लग्नातल्या केळीच्या खांबांपाशी काय पाहिला असेल तेवढाच. शेवटी बायको उठायच्या आत विळी पंचात गुंडाळली आणि निघालो.

चिंचेखाली सात-आठ माणसं होती. एक शिंपी, एक दवाखान्यातला कंपाउंडर, गिरणीत कामाला असलेले दोघे भाऊ, असे. प्रत्येकाच्या कमरेला नाहीतर खांद्यावर कोयता. मी पंचा सोडला. पाटासकट, खोवणीसकट अख्खी विळी बाहेर आली तेव्हा कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. खाकी अर्ध्या चड्डीतले, काटकुळे, साठी उलटलेले एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी पात्याला अंगठा लावून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "धार चांगली आहे. वाटेत नारळ लागले तर तुम्हालाच पुढे बोलावू."

हे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्या दिवसापासून मंडळात मी ‘विळीवाले’ झालो. मंडळाला स्वतःचं नाव नव्हतं, पण माझं मात्र पक्कं झालं. इकडे घरी मेहुणे जेवायला यायचे होते आणि बायको अख्खा दुधी समोर ठेवून बसली होती, ती हकीकत इथे सांगत नाही.

मुलुंडची डोंगराची बाजू ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गल्ल्या जिथे संपतात तिथून वाट चढायला लागते. पहिल्यांदा करवंदांच्या जाळ्या, मग साग, मग कारवीचं रान, आणि तासाभराने माथा. माथ्यावर उभं राहिलं की एका अंगाला तुळशीचा तलाव आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. ही वाट कोणी बांधलेली नाही. वरच्या पाड्यातल्या बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन खाली यायच्या, त्यांच्या पायांनी ती पडली. पण दर पावसात घाणेरी वाढते, पाणी माती नेतं, आणि दसऱ्यापर्यंत वाट अशी नाहीशी होते की पाड्यातल्या बायकांनाही चाचपडत उतरावं लागतं. मास्तर दरवर्षी ती पुन्हा काढायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. आधी एकटे काढायचे, मग हळूहळू माणसं लागली.

त्यांची कामाची पद्धत बघून मी थक्क व्हायचो. वाट किती रुंद ठेवायची? मोळीएवढी. फांदी किती उंचीवर छाटायची? मोळी घेतलेल्या बाईच्या डोक्यावर वीतभर. त्याहून एक डहाळी जास्त तोडली तर मास्तर कोयता काढून घ्यायचे. "आपल्याला हमरस्ता नको आहे हो," म्हणायचे, "पाड्यातली बाई मान न वळवता खाली आली पाहिजे, बस्स." पाणी वाट खाऊ नये म्हणून ते ठिकठिकाणी आडवे दगड रुतवायचे. ते असे की पाऊल पडलं तर दगड आहे हे कळू नये. मी रुतवलेला दगड मात्र सगळ्यांना कळायचा, कारण तो पायाखालून निघायचा.

आणि खुणा. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा रानात जागोजाग फुटतात आणि त्या खऱ्या वाटेपेक्षा जास्त खऱ्या दिसतात. नवा माणूस हटकून त्यांनाच लागतो. म्हणून मास्तर दगडांवर चुन्याच्या खुणा करायचे. चुन्यात डिंक कालवायचा, शिंदीच्या देठाचं टोक ठेचून कुंचा करायचा, आणि हाताच्या पंजाएवढा एकच पट्टा ओढायचा. त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितला असेल. खूण केली की दहा पावलं पुढे जायचं, मागे वळायचं आणि त्या दगडाकडे बघायचं. खूण दिसली नाही तर परत यायचं आणि दगडाच्या त्या बाजूलाही पट्टा ओढायचा. "जाणाऱ्याला सगळेच वाट दाखवतात," मास्तर म्हणायचे, "येणाऱ्याचं कोण बघणार?"

दोन हिवाळे मी त्यांच्याबरोबर गेलो. पोट तसूभरही हललं नाही, पण घरी सांगायला गोष्टी भरपूर झाल्या. आई माळ ओढत ऐकायची. बायको भाजी निवडत ऐकायची आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायची.

"अहो, माथ्यावरून काय दिसतं?"

"पाणी."

"किती?"

"बरंच आहे."

तिने निवडलेली मेथी अशी काही ताटात टाकली की माझ्या वर्णनशक्तीबद्दल तिचं मत मला समजलं. मग म्हणाली, "चौदा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो डोंगर बघतेय. रोज. पलीकडे काय आहे ते तुम्ही बघून येता आणि सांगता, बरंच आहे."

आम्ही नवराबायको दोघंही मग गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणजे विषय संपला असं मला वाटतं. ती गप्प बसली म्हणजे सुरू झालेला असतो.

पौषात संक्रांत आली. एके संध्याकाळी तिने आईपुढे तिळाच्या वड्यांची बशी ठेवली आणि सहज म्हणाली, "आई, या वर्षीचं हळदीकुंकू आम्ही सातजणी मिळून करणार आहोत. डोंगरावर."

आईची माळ थांबली. "डोंगरावर? कोणाच्या घरी?"

"घरी नाही. माथ्यावर. डोंगरावर हळदीकुंकू करू नये असं कुठे सांगितलंय का, आई?"

आईने बराच विचार केला. पोथ्या, व्रतं, वैकल्यं सगळी मनातल्या मनात चाळली असणार. सापडलं काहीच नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खिडकीकडे.

पण पुरुष बरोबर न घेता सात बायका रानात जाणार, ही बातमी गल्लीत पसरली आणि सातही घरांत सासवा, नवरे आणि एक आजेसासरे उठून बसले. शेवटी मास्तर प्रत्येक घरी जाऊन आले. मी सोबत होतो. आमच्याच घरी आईने त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही जाणार ना बरोबर?"

"नाही, बाई. मी गेलो तर मास्तरांनी नेलं असं होईल. त्यांना स्वतःहून जाऊ द्या. जाताना दिसेल, तशीच येतानाही दिसेल अशी वाट आहे. माझा शब्द."

आईने माळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, "चारच्या आत खाली. एक जरी चुकली, एक जरी बाई रडत आली, तर पुन्हा या घरात डोंगराचं नाव निघायचं नाही. कायमचं." इतर सहा घरांनीही हीच अट घातली. बायकोने मान डोलावली. तिचा चेहरा मी लग्नातही इतका गंभीर पाहिला नव्हता.

आता माझ्या कर्तबगारीकडे वळतो. मास्तरांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता, म्हणून खालच्या टप्प्यातल्या खुणा त्यांनी आणि शिंप्याने केल्या आणि वरचा टप्पा, कारवीच्या रानापासून माथ्यापर्यंतचा, माझ्यावर सोपवला. तीन ठिकाणी ढोरवाटा फुटतात तोच टप्पा. "विळीवाले, आता तुम्ही तयार झालात," म्हणाले. मी फुललो. आपल्या बायकोच्या वाटेवरच्या खुणा म्हणजे कशा हव्यात, लांबून दिसल्या पाहिजेत, म्हणून पट्टे सोडून मी भाकरीएवढे गोल काढले. काय ते गोल! पहिल्या दोन फाट्यांपर्यंत मी स्वतःच थांबून थांबून त्यांच्याकडे बघत होतो, अर्थात चढत्या बाजूने. माथ्यावर पोचलो तेव्हा बादली खडखडीत कोरडी. परतीच्या बाजू राहिल्या. पुढच्या रविवारी उरकू, असं स्वतःला सांगितलं. खाली मास्तरांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." पुढच्या रविवारी मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, आणि ते काम माझ्या डोक्यातून पुरतं निघून गेलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी सातजणी निघाल्या. नऊवारीतल्या पाच, पाचवारीतल्या दोन. सगळ्यांनी पदर खोचलेले, हातांत डबे, आणि शेजारच्या मालवणकडच्या काकूंच्या डोक्यावर पाण्याची कळशी. माझी बायको सर्वांत मागे. मागे राहून कोणी सुटत नाही ना ते बघायचं, हे तिने माझ्याच गोष्टींतून उचललं होतं.

दुपारी साडेतीनला आई, मी आणि मास्तर चिंचेखाली येऊन बसलो. चार वाजले. आईची माळ जोरात फिरायला लागली. तिचं मन रमवावं म्हणून मास्तर उठले आणि पहिल्याच खुणेच्या दगडापाशी गेले.

"बाई, हे बघा. ही जातानाची खूण. आता इकडून या. ही परतीची. वरपर्यंत प्रत्येक दगड असाच आहे. चुकायला जागाच ठेवलेली नाही."

आईने दगडाला प्रदक्षिणा घालावी तशी फेरी मारली, दोन्ही बाजू पाहिल्या आणि समाधानाने विचारलं, "आणि वरचे कोणी केले?"

"तुमच्या चिरंजीवांनी."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला ती कोरडी बादली आठवली.

तीन फाटे. प्रत्येक फाट्यावर उतरणाऱ्याला दोन-दोन, तीन-तीन वाटा दिसणार, आणि दगड सगळे कोरे काळे. एक ढोरवाट तर थेट तुळशीच्या बाजूच्या घळीत उतरते. मी मास्तरांना बाजूला नेलं आणि सांगून टाकलं. शब्द नीट जुळवायला वेळच नव्हता.

"परतीच्या केल्या नाहीत. एकही."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. मी म्हटलं, "मी पळत वर जातो."

"थांबा." आवाज अगदी हळू होता, पण मी थांबलो. "तुम्ही वर गेलात आणि त्या वाटेतच भेटल्या, तरी पुरुषांनी जाऊन आणल्या असंच होईल. मग त्या खिडकीतूनच डोंगर बघणार आयुष्यभर. पाचपर्यंत थांबायचं. पाचला आपण दोघंही जाऊ, आणि दोष माझा म्हणून मी सांगेन. शब्द माझा होता."

त्यांनी मला एक शब्द रागाने बोलावा असं मला फार वाटत होतं. पण ते परत जाऊन आईशेजारी बसले आणि आईला कारवी सात वर्षांतून एकदा कशी फुलते ते सांगायला लागले.

पावणेपाचला वरून आरोळी ऐकू आली. बाईची. आई उभी राहिली. मीही. मग दुसरी आरोळी, आणि त्यावर हसण्याचा असा गलका की करवंदांतल्या चिमण्या उडाल्या. वळणावरून आधी कळशी दिसली, मग काकू, मग एकेक करून सगळ्या. मी बोटांनी मोजलं. सात. माझी बायको शेवटी. धूळ पार केसांपर्यंत, आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू.

"चार म्हटलं होतं," आई म्हणाली.

बायकोने तोंड उघडायच्या आत काकूंनी कळशी खाली ठेवली. "अहो आजी, काय ती मास्तरांची पद्धत! उतरताना फाटो इलो की एकीन हय जावचा, दुसरीन थय जावचा. धा पावलां मोजूची आणि फिरान मागे बघूचा. जिका धोंड्यार चुनो दिसलो तिणा हाळी घालूची, हीच वाट गेऽऽ! मगे सगळ्यांनी तिच्या मागसून. येळ लागतलोच ना!" मग मास्तरांकडे वळून, "तुमी पोरांका शिकवताना पण असाच करी होतास?"

माझ्या जातानाच्या खुणाच त्यांनी मागे वळून शोधल्या होत्या. मास्तरांनी आधी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती पदराने तोंड पुसत होती, आणि पदर जरा जास्तच वेळ तोंडावर होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मास्तर म्हणाले. "पद्धत तशीच आहे."

आई सगळ्यांकडे बघत होती. कोणी रडलेली नव्हती. कोणी चुकलेली नव्हती. सातजणींचे चेहरे उन्हाने लाल झाले होते आणि सगळ्या एकदमच बोलत होत्या. तुळशीचं पाणी, खाडीचं पाणी, कोणाचा डबा माकडाने पळवला, वाणाच्या कंगव्यांपैकी एक घळीत कसा घसरला. आईने पुढे आलेल्या डब्यातली तिळाची वडी हातात घेतली, तोंडात टाकली, चावली आणि म्हणाली, "पुढल्या वर्षी मी अर्ध्यापर्यंत येईन. अर्ध्याच्या वर नाही. आत्ताच सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी मास्तर आणि मी दोघंच चुन्याची बादली घेऊन वर गेलो. पहिल्या फाट्यावर पोचलो. मी माझ्या भाकरीएवढ्या गोलासमोरून दगडाच्या मागे गेलो आणि तिथेच थांबलो. दगडाच्या परतीच्या बाजूला ओल्या हळदीचं एक बोट होतं आणि त्याच्या बाजूला कुंकवाचं एक. पुढच्या दगडावर तसंच. त्याच्या पुढच्यावरही. वाट सापडली की पुढे कधी उतरणाऱ्यांसाठी माझ्या बायकोने एकेका दगडाला हळदीकुंकू लावत आणलं होतं. माथ्यापर्यंत एकही दगड सुटलेला नव्हता. शिवाय दहा पावलं पुढे जाऊन बघावं तर प्रत्येक खूण बरोबर नजरेच्या उंचीला. माझ्या नजरेच्या नव्हे, मोळी घेतलेल्या बाईच्या. दोन दगडांवर पाड्यातल्या कोणीतरी रानफुलंही ठेवली होती.

मी कुंचा चुन्यात बुडवला. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"शेजारी लावा," म्हणाले. "वर नको." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "इतकी वर्षं वाट करतोय. इतकी चांगली खूण मला नाही जमली."

त्या दिवशी दिवसभर मी प्रत्येक दगडाशेजारी पट्टा ओढत होतो, पंजाएवढा, एकच. दहा पावलं जात होतो, वळून बघत होतो. मास्तर पुढे कुठेतरी दगडावर बसून तुळशीकडे बघत असायचे. त्यांना ते पाणी आता धूसरच दिसत असणार. तरीही मधूनच म्हणायचे, आत्ता निळं आहे, आत्ता जरा हिरवट आहे.

घरी आलो तेव्हा ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी पायरीवर बसलो आणि म्हटलं, "अगं, त्या परतीच्या खुणा मी केल्याच नव्हत्या. चुना संपला होता. मास्तरांना झालं म्हणून सांगितलं, आणि मग विसरलो."

तिने सूप खाली ठेवलं नाही. पाखडतच म्हणाली, "पहिल्याच दगडाशी कळलं होतं मला. दिवाळीला घराला चुना लावता, तेव्हा कपाटामागची भिंत कधी केलीत? चौदा वर्षं ती मीच करतेय."